खुरप्याची मूठ कुणी ठरवली?

गेल्या श्रावणातली गोष्ट. आखाडा बाळापूरला बहिणीकडे गेले होते. सोयाबीनची खुरपणी चालू होती. माझी भाची बारावीला आहे, कला शाखेत. सुट्टीच्या दिवशी ती आईबरोबर मजुरीला जाते. संध्याकाळी हातावरचे फोड दाखवत तिने विचारले, "मावशी, खुरप्याची ही मूठ कुणी ठरवली गं? बायकांचा हात बघून तर नसेल केली."

शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाजारात मिळतं तसं घ्यायचं. फोड आले की चिंधी गुंडाळायची. आम्ही तेच केलं."

भाचीने वहीत मुठीची तीन चित्रे काढली होती. एक जाड, एक थोडी वाकडी, एक चिंधी बसावी म्हणून खाचा पाडलेली. हे शिकायला कुठे मिळते, असे तिने कनिष्ठ महाविद्यालयात विचारले. उत्तर मिळाले, "असा विषय आपल्याकडे नाही. मुलींसाठी शिवणाचा वर्ग आहे, तिकडे नाव घाल."

मी बारावी झाले तेव्हा बाळापूर परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला. मलाही तेव्हा शिवणाचाच वर्ग दाखवला होता. जिल्हा बदलला, उत्तर तेच राहिले.

शिवणकामाला मी कमी लेखत नाही. त्यावर कितीतरी बायकांनी घर चालवले आहे. पण मुलीने मशीन चालवायला शिकावे आणि मशीन कसे असावे हे दुसऱ्याने ठरवावे, ही वाटणी मला मान्य नाही. वस्तू कशी असावी, कुणाच्या हाताला बसावी, कशाची करावी, मोडली तर गावात दुरुस्त व्हावी का, हा विचार शिकवणारा विषय म्हणजे वस्तुरचना, म्हणजेच प्रॉडक्ट डिझाइन. तो अकरावी-बारावीला, आमच्यासारख्या गावात, मुलींना मिळाला पाहिजे, एवढेच मला म्हणायचे आहे.

"हे शहरातल्यांचे चोचले," असे कुणी म्हणेल. मग फवारणीचा पंप बघा. १६ लिटरचा पंप म्हणजे १६ किलो पाणी आणि वर पंपाचे वजन. पट्टे पुरुषाच्या खांद्याच्या मापाचे. नवऱ्यामागे एकटीने शेती करणाऱ्या बायका आपल्या मराठवाड्यात थोड्या नाहीत. त्यांना हाच पंप पाठीवर घ्यावा लागतो. पाठ दुखली की आपण बाईला गोळी देतो, पंपाला कुणी काही विचारत नाही.

आपल्या देशात या विषयाची संस्था उभी राहिली तीच मुळी एका साध्या लोट्याचे कौतुक करून. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना लोटा सर्वांत सुंदर वाटला. तो कुणा एकाने घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून घडला, असे त्यांनी मांडले. त्यानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. लोटा कमरेवर आणि डोक्यावर वाहणाऱ्या त्या पिढ्यांत बायकाच अधिक असणार. आणि घागरीखालची चुंबळ? जुन्या लुगड्याला पीळ घालून केलेली, फुकटातली, डोक्याच्या मापाची. तिला कुणी रचना म्हटले नाही. खुद्द रे ईम्स यांचे नावही बरीच वर्षे नवऱ्याच्या नावामागे झाकलेले राहिले.

म्हणजे बायका रचना करतातच. त्यांना शिक्षण, हत्यारे आणि नाव मिळत नाही. घिसाडी समाजाच्या बायका रस्त्याकडेला घण मारताना आपण पाहतो. ते ज्ञान जातीचे काम म्हणून खाली ढकलले जाते आणि तेच इंग्रजीतून शिकवले की पदवी होते.

हे गावात शिकवता येत नाही असे नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा शाळेतला विषय मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे. वेल्डिंगही दोघांना आणि स्वयंपाकही दोघांना. इंग्लंडमध्ये १९९० पासून रचना आणि तंत्रज्ञान हा विषय शाळेत मुलामुलींना सारखा लागू झाला. तिथे सोळा ते अठरा वर्षांची मुले वस्तुरचना घेतात तेव्हा निम्मे गुण स्वतः वस्तू आखून करण्याला असतात.

आपल्याकडे बारावीनंतर दार उघडे आहे, असे सांगतात. ते खरेही आहे. अहमदाबादच्या संस्थेला कोणत्याही शाखेची बारावी चालते. आयआयटी मुंबई घेते ती 'यूसीड' परीक्षा २०१५ पासून आहे, तिलाही कला शाखेची मुलगी बसू शकते, मुलींना शुल्कात सवलतही आहे. पण प्रश्नपत्रिका इंग्रजीत. आणि ज्या मुलीला दोन वर्षांत विषयाचे नावही कुणी सांगितले नाही, ती त्या दारापर्यंत पोचणार कशी? तोवर घरात स्थळे बघायला सुरुवात झालेली असते.

एक शंका माझीही आहे. चांगल्या मुठीने मजुरी वाढत नाही. उलट काम हलके झाले की जास्त काम मागतात आणि हत्याराचे यंत्र झाले की ते पुरुषाच्या हाती जाते. जाते बायकांचे होते, गिरणी पुरुषांची झाली. हळद शिजवायला बॉयलर आला, तो चालवायला आमच्याकडे पुरुषच उभे असतात. हळकुंडे मोडायला बायका अजून जमिनीवर बसतात. म्हणून मुलींना नुसते चित्र काढायला शिकवून भागणार नाही. यंत्र कुणाच्या मालकीचे, त्याने कुणाचे काम जाईल, हे प्रश्नही त्याच अभ्यासक्रमात हवेत. ते प्रश्न आणायचे काम आपल्या चळवळीचे आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, शिक्षण खात्याला निवेदन देताना वसतिगृह आणि बसच्या पासाबरोबर ही मागणीही लिहू या. अकरावी-बारावीला सर्व शाखांसाठी वस्तुरचनेचा विषय, मराठीतून, कार्यशाळेसह. शिकवायला गावातले लोहार-सुतारही मानधनावर यावेत. आणि परीक्षक म्हणून ती वस्तू रोज हातात धरणारी बाई बसावी.

भाची वही घेऊन लोहाराकडे गेली. त्याने वाकड्या मुठीचे एक खुरपे करून दिले. आजींनी दोन दिवस वापरले आणि म्हणाल्या, "बरं आहे, पण अजून जरा आखूड कर." भाचीने चौथे चित्र काढायला घेतले आहे.