कोठडीतल्या माणसाला भूतकाळ नसतो



या अंकासाठी सेलूकडच्या एका पोरानं पोलीसकथा पाठवली. बावीस पानं, शाळेच्या वहीत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नायक इन्स्पेक्टर. एकटा राहतो. बायको नाही, दोस्त नाही. रात्री गॅलरीत सिगारेट फुकत बसतो. त्याच्या मागल्या आयुष्यात कायतरी भयंकर घडलंय आणि ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. भाषा बरी, पकड आहे. मी एका बैठकीत वाचून काढली. आणि छापली नाही. का छापली नाही हे त्याला खाजगी पत्रात कळवता आलं असतं. पण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून इथंच लिहितो.

पहिलं सांगतो, रहस्यकथेला आम्ही नाक मुरडत नाही. तो धंदा सोवळ्यातल्या समीक्षकांचा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू घरोघर गेले. साहित्याच्या मानकऱ्यांनी या माणसाला ओसरीवरसुद्धा नीट बसू दिलं नाही. माझा बाप चौथी शिकलेला. जोडाक्षरं त्यानं मास्तरच्या छडीपेक्षा अर्नाळकरांच्या पुस्तकांवर जास्त गिरवली. आम्ही पोरांनी पुढं सुहास शिरवळकर वाचले, पानं सुटलेले, हातोहात फिरलेले. तेव्हा वाचायला शिकवणाऱ्या पुस्तकाशी बेइमानी आम्ही करणार नाही.

पण एक विचारतो. या मुलखातला पहिला डिटेक्टिव्ह कोण? कोटवाला? पाइपवाला? अरे, गावात चोरी झाली की माग काढायला कोणाला पिटाळायचे? रात्रीची गस्त कोण घालायचा? खून झालेल्या मढ्याजवळ पंचनामा होईपर्यंत काठी घेऊन कोण बसायचा? महार. भाकर शिळी, तीही दारोदार मागून. माग लागला तर शाबासकी पाटलाला, नाही लागला तर फटके महाराला. आणि आमच्या शेजारपालावरचा पारधी, कैकाडी? इंग्रजानं १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. आईच्या पोटातून बाहेर पडायच्या आत पोराचं नाव संशयितात. कायदा १९५२ साली गेला. फौजदाराच्या डोक्यातून गेला का?

म्हणजे बघा, गंमत कशी आहे. कथेतल्या साहेबाचा भूतकाळ गुप्त. आमचा भूतकाळ ठाण्याच्या रजिस्टरात, तोही दुसऱ्याच्या हातानं लिहिलेला!

एकट्या पोलिसाची मराठीतली मोठी गोष्ट म्हणजे श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. तिच्यावरून १९८३ साली गोविंद निहलानींनी ‘अर्धसत्य’ काढला, पटकथा तेंडुलकरांची. ओम पुरीचा अनंत वेलणकर आठवा. बाप हवालदार, आईला मारणारा. पोराला कॉलेजात पुढं जायचं होतं, बापानं खाकीत कोंबलं. तो राग त्याच्या हातात उतरतो आणि किरकोळ चोरीतला एक संशयित त्या हाताखाली कोठडीत मरतो. चित्रपट खरा आहे. पोलीस आतून कसा कुजतो हे त्यानं दाखवलं, त्याबद्दल सलाम. पण मी तो तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा माझं लक्ष वेलणकरावर नव्हतं. मी मेलेल्याकडं पाहत होतो. त्याचा बाप कोण? त्याला कॉलेजात जायचं होतं का? त्याच्या आईला कोणी मारत होतं का? पडद्यावर उत्तर नाही. मारणाऱ्याला बालपण आहे, बाप आहे, झोप न लागणारी रात्र आहे. मरणाऱ्याला फक्त मरण आहे. हे अर्धं सत्य. उरलेलं अर्धं कोण लिहिणार?

गुप्त भूतकाळाचा पोलीस मी घरात पाहिलाय. माझा चुलता, आम्ही नाना म्हणायचो. हवालदार. तालुक्याच्या गावी खोली मिळावी म्हणून त्यानं आडनाव अर्धं सांगितलं. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, वर युनिफॉर्मची घडी. १४ एप्रिलला दार लावून फोटो काढायचा, हात जोडायचा, परत ट्रंकेत. बाबूराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ सालीच लिहिलं. नानानं ते वाचलं नव्हतं, पण जगला तेच. रिटायर झाल्यावर एकदा बोलला, ‘‘बाळा, साहेब बघत असला की आपल्या माणसावर दोन फटके जास्तीचे मारावे लागायचे. नाहीतर ओळखायचे.’’ त्या रात्री तो जेवला नाही. मी त्याला माफ केलं का? नाही. पण हा खरा एकटा पोलीस. याची कथा कोणी लिहिली तर पहिल्या पानावर छापीन. अट एकच. ते जास्तीचे दोन फटके ज्याच्या पाठीवर पडले, त्याचंही नाव त्या कथेत पाहिजे.

आता परभणीचं बोलू. परभणीचा ख्वाजा युनूस. वय २७, सॉफ्टवेअर इंजिनिअर. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात धरला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी रहस्यकथा सांगितली, की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप उलटली आणि आरोपी पळाला. सीआयडीनं पुढं ही पळाल्याची गोष्ट खोटी ठरवली. मढं आईला मिळालं नाही. माती द्यायला मूठभर हाड नाही.

आणि सोमनाथ सूर्यवंशी. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ ला बंद, दगडफेक, आणि मग वस्त्यांत धरपकड. सोमनाथ ३५ वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी, वडार घरातला. पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. १५ डिसेंबरला मेला. शवविच्छेदनाचा प्राथमिक अभिप्राय अनेक जखमांमुळं आलेल्या शॉकचा. विधानसभेत मात्र सांगितलं गेलं की त्याला श्वसनाचा आजार होता आणि मारहाणीची तक्रार त्यानं केली नव्हती. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं ठपका पोलिसांवर ठेवला. तरी गुन्हा नोंदवायला आईला, विजयाबाईंना, हायकोर्टात जावं लागलं. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार सुप्रीम कोर्टात धावलं. ३० जुलैला तिथंही आदेश कायम राहिला.

कोठडीत माणूस मेला तर न्यायदंडाधिकाऱ्यानं चौकशी करावी हे कायद्यात २००६ पासून आहे. चौकशी झाल्यावर पुढं काय, हे धड लिहिलेलं नाही. हा सवाल प्रकाश आंबेडकरांनी याच खटल्यात कोर्टापुढं ठेवला. रहस्यकथेत शेवटच्या पानावर खुनी सापडतो आणि पुस्तक मिटतं. आमच्याकडं शेवटच्या पानावर नुसता गुन्हा नोंदवायचा आदेश येतो, तोही पोटचा पोर गमावून जवळजवळ सात महिन्यांनी.

म्हणून, सेलूच्या मित्रा, तुझी कथा परत पाठवतोय. फाडू नको. तुझ्या अकराव्या पानावर एक ओळ आहे. साहेब रागात कोठडीतल्या एका पोराला मारतो आणि मग गॅलरीत येऊन आईच्या आठवणीनं रडतो. त्या पोराला तू नावसुद्धा दिलं नाहीस. तू, आमच्याच वस्तीतला! साहेबाच्या गॅलरीत तू कधी गेला नाहीस. कोठडीच्या बाहेर भाकरीचं फडकं घेऊन उभी राहिलेली बाई मात्र तू पाहिलीस. बाकीची पानं राहू दे. अकराव्या पानावरनं सुरू कर. त्या पोराचं नाव लिही, तो काय शिकत होता ते लिही, त्याची परीक्षा कधी होती ते लिही. साहेबाचं रहस्य साहेबाला सांभाळू दे.

पुढच्या अंकाची चार पानं तुझ्यासाठी रिकामी ठेवलीत.

जय भीम.