एक विठ्ठल, दोन दर्शने

बेंगळुरूच्या बसवनगुडी किंवा मल्लेश्वरम् भागात सकाळी फिरावयास निघाले, तर एखाद्या घरातून मुलांची स्वरसाधना कानी येते. राग ठरलेला, मायामाळवगौळ. कर्नाटक संगीताचे हे पहिले पाठ पुरंदरदासांनी (१४८४–१५६४) घालून दिले, असे परंपरा मानते. त्यांची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’. देव आपल्या पंढरीचाच. तरीही त्यांच्या पदांचा बाज अभंगाहून किती निराळा! ह्या निराळेपणाचे एक मूळ तत्त्वज्ञानात आहे, असे मला वाटते.

तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी द्वैतमत प्रतिपादिले. ईश्वर आणि जीव कायमचे भिन्न, जग सत्य, आणि मोक्ष लाभला तरी जीव देवाचा सेवकच. ‘दास’ हे नाव ह्याच विचाराला शोभते. सेवकाला धन्याशी बोलावे लागते. विनवावे, गाऱ्हाणे मांडावे, प्रसंगी चार शब्द सुनवावेतही. दासांच्या पदांत देवाची निंदास्तुती इतकी रंगते ती म्हणूनच. शिवाय जग खरे, तेव्हा हाटबाजार आणि स्वयंपाकघर गाण्यास वर्ज्य कसे असणार? भिक्षेतल्या नाचणीवर श्लेष साधून पुरंदरदासांनी एक पद रचले आहे.

इकडे ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध केली आणि ‘अमृतानुभवा’त जग हा चैतन्याचाच विलास असल्याचे सांगितले. जो देव तोच समोरचा माणूस, ही त्या विचाराची व्यवहारातली खूण. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ती प्रथा ह्या भूमिकेला साजेशी आहे. दासांचे पद एकट्या गळ्यातही खुलते. अभंगाला टाळकऱ्यांची रांग हवी.

अर्थात ही वाटणी फार ताणू नये. भक्तीची गोडी चाखता यावी म्हणून तुकोबांनाही देवापासून थोडे वेगळेपण हवेच होते. आणि बेंगळुरूतील भावसार मंडळींच्या विठ्ठलमंदिरांत मराठी अभंग आणि कन्नड पद शेजारी शेजारी नांदतात. त्यासाठी कोणी शास्त्र्यांची अनुज्ञा घ्यावयास जात नाही!

मात्र विचार गाण्यात जितक्या सहज उतरतो तितक्या सहज तो आचारात उतरत नाही. द्वैतमत जीवाजीवांत तारतम्य मानते. तरी त्याच संप्रदायाच्या व्यासतीर्थांनी कुरुब, म्हणजे धनगर, समाजातील कनकदासांना जवळ केले. उडुपीच्या कृष्णमंदिरात मात्र त्यांना दार उघडले नाही. भिंतीला पडलेल्या भेगेतून त्यांनी दर्शन घेतले, अशी कथा आहे. ‘कनकाची खिडकी’ तेथे आजही दाखवितात.

मग आपल्याकडे, जेथे सर्वांभूती एकच चैतन्य, तेथे काय घडले? चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेर, महाद्वारापाशी आहे. अस्पृश्य मानलेल्यांसाठी ते मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभावे लागले. दहा दिवसांनी ते सुटले आणि मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. चोखोबांच्या निधनाचे वर्ष १३३८ मानतात. त्यांचे अभंग मधली सहा शतके कीर्तनांतून गायिले जातच होते.