दोन नेट लावली म्हणून दुप्पट नेट होत नाही



आज कपाशीचं काही नाही, आज नेटचं. गेल्या पंधरा दिवसांत चौघांनी मला एकच प्रश्न विचारला. दोन जळगावकडचे, एक शिरपूरचा, एक साक्रीचा. घरात फायबर आहे, फोनमध्ये डाटा आहे. दोन्ही एकाच कॉम्प्युटरला एकाच वेळी लावली तर चालतं का? आणि वेग दुप्पट होतो का?

लावता येतात. वेग दुप्पट होत नाही. तरीही घरात दुसरी जोडणी असावी, असं माझं मत आहे. वेगासाठी नाही, ऐनवेळी अडू नये म्हणून. आणि दुसरी जोडणी असून उपयोग कधी होत नाही, ते मी पैसे घालवून शिकलो आहे. तेच आधी सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एका अर्जाची शेवटची तारीख होती. कोणता अर्ज, कोणतं पोर्टल, नेट कोणत्या कंपनीचं, ते जाऊ द्या. सातबारा, आठ अ, पासबुक, आधार, सगळं स्कॅन करून ठेवलेलं. चूक एकच, दिवसभर कोळपणीच्या मागे होतो आणि अर्जाला रात्री साडेनऊला बसलो. पुतण्याने भराभर पानं भरली, पैसे भरायचं बटण दाबलं आणि फायबर गेलं. राउटरवर लाल दिवा.

पोरगा हुशार. लगेच फोनचा हॉटस्पॉट चालू केला आणि कॉम्प्युटरला जोडला. खाली कोपऱ्यात फोनचं नेट जोडलेलं दिसतंय, पण पान काही उघडेना. पाऊण तास आम्ही फोनलाच शिव्या घातल्या. शेवटी वैतागून मी राउटरची वायर कॉम्प्युटरमधून उपटली, अन् लगेच पान हललं! पण तोवर पोर्टलने आम्हाला बाहेर काढलं होतं. परत लॉगिन, परत ओटीपी. आत गेल्यावर अर्ज अपूर्ण दिसतोय आणि खात्यातून पैसे तर गेलेले. दुसऱ्यांदा पैसे भरायची हिंमत झाली नाही. सकाळी बघू म्हटलं. सकाळी मुदत संपलेली होती. पैसे आठ दिवसांनी परत आले. अर्ज राहिला तो राहिलाच.

त्या रात्री आमच्या घरात दोन नेट होती आणि त्यातलं एक चांगलं चालू होतं. तरी काम अडलं. का अडलं, ते नीट समजून घ्यायला मला पुढचे दोन महिने लागले.

आपल्या भाषेत सांगतो. तुमच्याकडे विहीर आहे आणि बोअरही आहे. दोन्ही एकाच मेन पाइपलाइनला जोडली आणि मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवला नाही, तर काय होतं? एक मोटर बंद असली की दुसरीचं पाणी वावरात जायच्या ऐवजी विहिरीत पडतं. मोटर चालू, बिल चालू आणि ठिबकच्या शेवटच्या नळीला थेंब नाही. पाण्याचे ठिकाण दोन झाले म्हणून भागत नाही. कोणतं पाणी कधी सोडायचं आणि कोणतं बंद ठेवायचं, हे ठरवणारं काहीतरी मध्ये लागतं.

कॉम्प्युटरमध्ये हे ठरवायचं काम एक आकडा करतो. त्याला मेट्रिक म्हणतात. प्रत्येक जोडणीला विंडोज स्वतःच एक मेट्रिक देतं. ज्याचा आकडा लहान, त्याला पहिला मान. साधारणपणे वायरला लहान आकडा मिळतो, वायफायला मोठा. म्हणजे दोन्ही जोडलेली असली तरी काम एकाच वाटेने चालतं, दुसरी नुसती उभी असते.

आता आमच्या घरी काय झालं ते बघा. फायबर तुटलं बाहेर कुठेतरी रस्त्यावर. पण घरातला राउटर चालू होता आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर शाबूत होती. कॉम्प्युटरला वाटलं, वायर तर ठीक आहे. तो सगळं काम त्याच वाटेने पाठवत राहिला. विहीर आटली, पण मोटर फिरतेय म्हणून आपण बोअर चालूच केली नाही, असा प्रकार. राउटर पूर्ण बंद पडला असता तर कॉम्प्युटर कदाचित आपोआप फोनच्या नेटवर गेला असता. अर्धवट बिघाड जास्त फसवतो.

म्हणून पहिला नियम हाताचा आहे. फायबर गेलं की आधी वायर काढायची, मग फोनचं नेट जोडायचं. एवढं माहीत असतं तरी माझा पाऊण तास वाचला असता.

दुसरं म्हणजे, मेट्रिक आपण स्वतः देऊ शकतो. कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडा, जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये टीसीपी आयपी व्हर्जन ४, मग ॲडव्हान्स्ड. तिथे ऑटोमॅटिक मेट्रिकची खूण काढायची आणि आकडा टाकायचा. फायबरला १०, फोनला ५०. हेच व्हर्जन ६ मध्येही करायचं, ते लोक विसरतात. मोबाइलच्या नेटवर बऱ्याचदा व्हर्जन ६ असतं आणि गावच्या फायबरवर नसतं. मग आकडा बरोबर टाकूनही अर्धं काम गुपचूप फोनवरून जातं आणि संध्याकाळी मेसेज येतो, आजचा डाटा संपला. फोनच्या जोडणीला मीटर्ड अशी खूण करून ठेवा, म्हणजे विंडोजचे मोठे अपडेट तरी तिथून उतरणार नाहीत.

फोन शक्यतो यूएसबी वायरने जोडा. फोन चार्ज होत राहतो आणि वायफाय मोकळं राहतं. एका वायफाय कार्डावर घरचं वायफाय आणि फोनचा हॉटस्पॉट असे दोन्ही एकदम धरायला जाऊ नका, साध्या कॉम्प्युटरवर ते जमत नाही.

तिसरं, अर्ज अर्धा भरल्यावर नेट बदलायचं नाही. प्रत्येक जोडणीचा बाहेरचा पत्ता वेगळा असतो. पोर्टलच्या दृष्टीने मध्येच पत्ता बदलला म्हणजे माणूस बदलला. बँकेची पानं तर याला फार बिचकतात. फायबर सकाळपासून लपकझपक करत असेल तर सुरुवातच फोनच्या नेटवर करा आणि शेवटपर्यंत त्याच्यावरच राहा. पावती निघेपर्यंत.

आता वेगाचं. फायबर ५० आणि फोन २०, मिळून ७० होत नाही. एक फाइल एका ठिकाणाहून उतरवायची असेल तर ती एकाच वाटेने येते. दोन वाटांचा फायदा होतो तो वेगवेगळ्या कामांना. पोरीचा क्लास एकावरून, आपलं काम दुसऱ्यावरून. त्यासाठी दोन जोडण्या घेणारा राउटर मिळतो, ड्युअल वॅन म्हणून मागायचा. त्याची खरी खुबी वेगळीच आहे. पलीकडे नेट खरंच पोचतंय का, हे तो थोड्या थोड्या वेळाने तपासतो आणि पोचत नसेल तर स्वतःच दुसऱ्या वाटेवर जातो. आमच्या कॉम्प्युटरला जे त्या रात्री कळलं नाही, ते याला कळतं.

एकच काम दोन्ही वाटांवर वाटून न्यायची पद्धतही जगात आहे. मल्टिपाथ टीसीपी तिचं नाव. तिचा मसुदा २०१३ मध्ये आला आणि त्याच वर्षी ॲपलने आयफोनच्या सिरीसाठी ती वापरली. पण त्यासाठी पलीकडच्या टोकालाही ती पद्धत समजणारा कॉम्प्युटर लागतो. दोन बैल एका औताला ओढतात ते मध्ये जू असतं म्हणून. जू नसेल तर बैल दोन आणि वाटा दोन. सरकारी पोर्टलच्या टोकाला असलं जू मिळेल, अशी आशा धरू नका.

इथपर्यंत घरातलं झालं. पण लोक सगळ्यात मोठी चूक करतात ती घराबाहेरची. आमच्या गल्लीत एकाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं फायबर घेतलं आणि निर्धास्त झाला. दोन्ही केबली येतात त्याच खांबावरून आणि पुढे जातात त्याच रस्त्याच्या कडेने. जेसीबीवाला केबल कोणत्या कंपनीची आहे हे वाचून खोदत नाही. एकदा दोन्ही एकाच दिवशी गेल्या.

हे आपल्या खेड्यातच होतं असं समजू नका. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी ११:४० ला बंद पडला. दुपारी पावणेचारला परत सुरू झाला आणि त्या दिवशी व्यवहार ५ वाजेपर्यंत चालवावे लागले. एनएसईकडे लाइनी दोन कंपन्यांच्या होत्या, मुद्दाम, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही कंपन्यांच्या लाइनींत एकाच वेळी बिघाड आला. नंतर एनएसईनेच सांगितलं की दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर खोदकाम आणि बांधकाम चालू होतं. लाइनींचा घोळ झाल्यावर आतली यंत्रणाही अडली. जिथे एका दिवसात हजारो कोटींचे व्यवहार होतात, तिथे ही गत. कंपन्या दोन असल्या म्हणजे वाटा दोन होतातच असं नाही.

म्हणून दुसरी जोडणी घेताना दुकानदाराला वेग विचारू नका. विचारा, ही तार कुठून येते? पहिली जमिनीवरून येत असेल तर दुसरी हवेतून आलेली बरी, म्हणजे मोबाइलची. आणि मोबाइलही असा निवडा की ज्याचा टॉवर वेगळ्या बाजूला आहे. घरात दोन फोन असतील तर दोन वेगळ्या कंपन्यांचे सिम ठेवा. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, बहुतेक घरांत अर्धा झालेलाच आहे.

आणि लाईट! आपल्याकडे नेट जायच्या आधी लाईट जाते. वादळ आलं, डीपीवर फांदी पडली, की राउटर बंद. राउटर १२ व्होल्टवर चालणारा असेल तर त्याला छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. पण गावात केबलवाल्याच्या पेटीला लाईट लागत असेल आणि त्याची बॅटरी उतरली, तर तुमचा राउटर चालू असून उपयोग नाही. तेव्हा टॉवर कामाला येतो, कारण त्याला बॅटरी असते. पण अशा वेळी सगळं गाव टॉवरवर पडतं आणि तोही रांगायला लागतो. म्हणजे दुसरी जोडणी हीसुद्धा पक्की हमी नाही. मुदतीच्या चार दिवस आधी अर्ज भरणं, हीच खरी दुसरी जोडणी. मी आता तसं करतो. कोळपणी एक दिवस थांबते, पोर्टल थांबत नाही.

काही जण म्हणतील, भो, एवढं कशाला, सेवा केंद्रात जा ना. जातोच की. पण शेवटच्या आठवड्यात तिथे रांग असते आणि तिथेही एकच नेट असतं. ते गेलं की चाळीस माणसं ओट्यावर बसून राहतात.

आता मला जे खरं बोलायचं आहे ते. विमा, अनुदान, खरेदीची नोंदणी, सगळं ऑनलाइन झालं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली, आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करायची. हे वाईट नाही. तलाठी आप्पांच्या मागे फिरणं कमी झालं, हे मी मान्य करतो. पण काम ऑनलाइन झालं तेव्हा लाइन सांभाळायचा खर्च आणि जोखीम गुपचूप शेतकऱ्याच्या घरात आली. दोन सिम आपले, फायबरचे महिन्याचे पैसे आपले, यूपीएस आपला. आणि एवढं करून रात्री लाल दिवा लागला तर चूकही आपलीच.

देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर द्यायची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिला भारतनेट नाव मिळालं. माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या ग्रामपंचायतीत ती लाइन आली आहे, तिथे मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात एक कॉम्प्युटर बॅटरीसह संध्याकाळी उघडा ठेवा. शेतकऱ्याची दुसरी जोडणी गावाची असू द्या. आणि ज्याचे पैसे मुदतीच्या आत खात्यातून गेले आहेत, त्याचा अर्ज पावती नाही म्हणून बाद करू नका. बँकेच्या नोंदीत वेळ असते, ती बघा.

तोवर आपण आपलं करायचं. नेट गेलं की कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवा. पोर्टलवर चूक आली तर घड्याळ दिसेल असा फोटो काढा. माझ्याकडे त्या रात्रीचा एकही फोटो नव्हता, म्हणून कोणाला काही दाखवता आलं नाही.

राउटरच्या वर आता भिंतीवर पुतण्याने कागद चिकटवला आहे. त्यावर लिहिलंय, "लाल दिवा लागला तर आधी वायर काढा." तुम्हीही चिकटवा.