पाठीवरचं बिऱ्हाड : तो ल्वार आणि ती ल्वार



गेल्या अंकात आम्ही उभयता कॅम्परव्हॅन घेऊन फ्रान्सला जाऊन आल्याचं लिहिलं होतं. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात एकच प्रश्न ऐकते आहे : "वहिनी, चोवीस दिवस होतात तिथे, मग पाहिलंत काय काय?" उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो, कारण आम्ही पाहिली फक्त एक नदी. उगमापासून संगमापर्यंत ३२० किलोमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे मुंबईहून रत्नागिरी गाठावी एवढं अंतर, आणि रोजची सरासरी १३ किलोमीटर! आळंदीहून पंढरपूरला निघालेले वारकरी पायी साधारण ह्याच वेगाने जातात. आम्ही डिझेल जाळून त्यांच्या बरोबरीने गेलो.

नदीचं नाव ल्वार. ऐकल्याबरोबर तुम्ही म्हणाल, "हो हो, राजवाड्यांची ना?" नाही, ती वेगळी. राजवाडे जिच्या काठी आहेत ती मोठी ल्वार, हजार किलोमीटर वाहणारी. आमची ल्वार तिच्या उत्तरेची. उच्चार अगदी सारखा, फक्त लिहिताना शेवटचं एक अक्षर कमी. आणि गंमत म्हणजे फ्रेंचांच्या व्याकरणात मोठी ती स्त्रीलिंगी आणि धाकटा हा पुल्लिंगी. आपल्याकडे ब्रह्मपुत्रेला आणि शोणाला नद म्हणतात ना, तसा हा ल्वार नद. म्हणून आमच्या घरात 'तो ल्वार' आणि 'ती ल्वार' अशी भाषा सुरू झाली, ती अजून चालू आहे.

आता एकच नदी का, ते सांगते. आपल्या पिढीच्या सुट्ट्या कशा गेल्या ते आठवा. रजा मोजून मिळायची, ती भारतवारीला. तीन आठवड्यांत दोन लग्नं, चार भेटी समाचाराच्या, एक दिवस बँकेत, एक दिवस दाताच्या डॉक्टरकडे. उरलेली रजा आलेल्या पाहुण्यांना लंडन-पॅरिस-स्वित्झर्लंड दाखवण्यात. म्हणजे आयुष्यभर प्रवास केला तो कुणाला तरी भेटायला किंवा कुणाला तरी काहीतरी दाखवायला. आमचे हे निवृत्त झाल्यावर त्यांनी फ्रान्समध्ये बघायच्या ४१ ठिकाणांची यादी टाईप केली, अंतरांसकट. तेवढ्यात गेल्या ऑक्टोबरात ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, घाई करू नका, सलग फार वेळ गाडी चालवू नका. मी यादी हातात घेतली, ४१ ठिकाणांवर काट मारली आणि नकाशावर निळ्या रेषेत एक नदी दाखवली. हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं, उगम कुठे आहे?"

निघण्यापूर्वीच्या चार गोष्टी, ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी. ब्रिटिश पासपोर्टवर युरोपच्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांना आधी व्हिसा काढावा लागतो, आणि तो लवकर मागावा. प्रवासाचा विमा काढताना हृदयाबद्दल सगळं खरं सांगा. हप्ता वाढतो, वाढू द्या. लपवलेल्या दुखण्यावर विमा कंपनी पैसे नाकारू शकते. सरकारी आरोग्य कार्ड बरोबर ठेवावं, पण ते विम्याची जागा घेत नाही. गाडीवर आता 'जीबी' नव्हे, 'यूके' लिहिलेलं हवं. आणि भगिनींनो, हे नीट वाचा : २०२१ पासून इथून युरोपात दूध-दुभतं आणि मांस नेता येत नाही. तूप, पनीर, चक्का सगळं घरी ठेवायचं. डाळ, तांदूळ, भाजणी, गोडा मसाला, लोणचं मात्र नेलं.

न्यूहेवनहून दिएपला बोटीने चार तास. तिथून रुआँ आणि शार्त्रवरून २२ एप्रिलला इलिए-कोंब्रे ह्या गावी पोचलो. ह्या गावाचं मूळचं नाव नुसतं इलिए. मार्सेल प्रूस्त लहानपणी इथे सुट्टीला यायचा आणि त्याने आपल्या कादंबरीत ह्याच गावाला कोंब्रे म्हटलं. १९७१ साली, त्याच्या जन्मशताब्दीला, गावाने कादंबरीतलं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं. जवळच्या सँ-एमाँ नावाच्या खेड्यात ल्वारचा उगम मानतात. एवढंसं पाणी, टाच भिजेल इतकं. ह्यांनी तिथे हात जोडले. सवय!

ह्या भागाला बोस म्हणतात. फ्रान्सचं धान्याचं कोठार. सपाट मैदान, क्षितिजापर्यंत गहू, आणि एप्रिल अखेरीला मधे मधे झगझगीत पिवळी शेतं. ती मोहरीच्याच कुळातली, तेलासाठी लावलेली. एकही कुंपण नाही. शार्त्रच्या कॅथीड्रलचे दोन मनोरे दूरवरून शेतांवर उभे राहिलेले दिसतात.

रोजचा क्रम असा बसला. सकाळी चहा, मग नदीकाठाने तासभर चालणं, मग गावात जाऊन पाव. बारा ते दोन खेड्यातली दुकानं बंद, त्यामुळे जे हवं ते बाराच्या आत. जेवण, वामकुक्षी, आणि वाटलंच तर दुपारी गाडी काढून पुढचं गाव. रस्ते दुपदरी, वेग ताशी ८०. २०१८ साली ९० वरून खाली आणला, नंतर काही जिल्ह्यांनी परत ९० केला. आम्ही ६० ने जायचो आणि मागे कुणी आलं की बाजूला घ्यायचो. मुक्कामाची चिंता नाही. फ्रान्सच्या कित्येक खेड्यांत कॅम्परव्हॅनसाठी गावानेच जागा राखलेली असते. तिला 'एर' म्हणतात. पिण्याचं पाणी भरायचं, सांडपाणी सोडायचं, रात्र काढायची. कुठे काही युरो, कुठे फुकट. शिवाय 'फ्रान्स पासियों' नावाची १९९३ पासूनची योजना आहे. वर्षाची वर्गणी भरली की शेतकरी आणि द्राक्षबागवाले आपल्या आवारात एक रात्र गाडी लावू देतात. खरेदीची सक्ती नसते. पण आल्यावर जाऊन नमस्कार करायचा आणि जाताना निरोप घ्यायचा, हा शिष्टाचार आहे. 'बोंझूर' न म्हणता काही विचारलं तर फ्रेंच माणूस दुखावतो, आणि खरंच आहे ते.

शातोदँच्या कड्यावरचा किल्ला पाहून वांदोमला आलो. इथे ल्वारचे फाटे फुटून गावातून फिरतात. वांदोमजवळ १९९० पासून वेगवान रेल्वेचं स्टेशन आहे. तिथून पॅरिस पाऊण तासावर. आम्हाला उगमापासून इथवर यायला आठ दिवस लागले. १ मे ला सगळं बंद, पण रस्त्याच्या कडेला पोरंसोरं मुगेची फुलं विकत होती. पांढऱ्या घंटांसारखी बारीक फुलं, वास गोड. त्या दिवशी ती एकमेकांना द्यायची पद्धत आहे, आणि रानातून तोडून आणलेली दोन-चार जुड्या कुणीही विकू शकतो. ह्यांनी मला एक जुडी घेऊन दिली. लग्नाला ३८ वर्षं झाली, गजरा सोडून दुसरं फूल आणल्याचं मला आठवत नाही.

मोंत्वार नावाच्या गावात एक छोटं रेल्वे स्टेशन आहे. २४ ऑक्टोबर १९४० ला हिटलर आणि पेताँ इथे भेटले. एवढीशी इमारत, बाहेर शांतता. पुढे त्रो हे गाव. इथला डोंगर पांढऱ्या मऊ दगडाचा. घरं बांधायला दगड कापून नेला, आणि उरलेल्या गुहांत लोक राहू लागले. एकावर एक मजले, गुहेला दार, दाराला पडदा, बाहेर कुंड्यांत फुलं. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला लेण्यात कपडे वाळत घातलेले पाहून गंमत वाटते. नदीपलीकडे एका लहानशा चर्चमध्ये बाराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. आत आम्ही दोघंच होतो.

त्रोच्या पुढच्या मुक्कामात तुपाचा बेत झाला. बाजारातून बिनमिठाचं लोणी आणलं आणि गाडीच्या मागचं दार उघडून कढवायला ठेवलं. वास दरवळला तशी शेजारच्या गाडीतली बाई आली. तीही निवृत्त, नवऱ्याबरोबर आलेली. पातेल्यात डोकावून म्हणाली, "न्वाझेत?" फ्रेंच स्वयंपाकात लोणी बदामी रंगावर आणतात, त्याला ते हेझलनटचं नाव देतात. मी मान डोलावली आणि बेरी खाली बसेपर्यंत थांबायची खूण केली. रात्री गरम भातावर वरण, वर ते तूप, आणि तिने आणलेलं ताजं शेळीचं चीज. पिल्लं झाल्यावर शेळ्यांना वसंतात दूध असतं, म्हणून ह्या दिवसांतलं चीज चांगलं. पांढरी शतावरीही एप्रिल-मेमधलीच, तीही तिनेच निवडून घ्यायला शिकवली : टोक घट्ट मिटलेलं हवं.

आता इतिहासाची एक गोष्ट, कारण ती आपली आहे. शातो-द्यु-ल्वारजवळ ल्युसो नावाचं खेडं आहे. तिथे एका कापड व्यापाऱ्याच्या घरी पिएर क्युलिए नावाचा मुलगा जन्मला. १७८० साली खलाशी म्हणून हिंदुस्थानात आला आणि मलबार किनाऱ्यावर जहाजातून पळाला. पुढे द ब्वान्यच्या हाताखाली शिंद्यांच्या फौजेत शिरला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतला जनरल पेरों तो हाच. १७९५ साली खर्ड्याला निजामाविरुद्ध लढला, मग दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती झाला. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा धन्याला सोडून इंग्रजांच्या छावणीत गेला, आणि अमाप पैसा घेऊन गावाकडे परतला. वांदोमच्या दक्षिणेला वाडा घेऊन राहिला, आणि १८३४ साली वारला.

ल्युसोच्या चर्चसमोर बाकावर बसून हे मी ह्यांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसून हे म्हणाले, "तो परत आला खरा. पण गावात त्याचं ऐकायला कोण होतं? खर्डा म्हणजे काय हे इथे कुणाला सांगणार?" आणि मग, सहा वर्षं आम्ही टाळत होतो तो विषय ह्यांनीच काढला : पुण्याचा फ्लॅट. दर वर्षी गळती, दर वर्षी दिरांना तसदी, आणि दर वर्षी "बघू पुढच्या वर्षी." तीन संध्याकाळी आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसून त्यावर बोललो. मधे फोन नाही, मुलींचे सल्ले नाहीत, टीव्ही नाही. हॉस्पिटलात त्या रात्री काय वाटलं, तेही हे तिथेच बोलले. सात महिने मी विचारलं नव्हतं आणि ह्यांनी सांगितलं नव्हतं. फ्लॅट विकायचा ठरला. डोळ्यांत पाणी आलं दोघांच्याही, पण भांडण झालं नाही. घरी बसून हा निर्णय झाला नसता, असं मला अजून वाटतं. घरी एक जण बोलायला लागला की दुसऱ्याला काहीतरी काम आठवतं.

ला फ्लेशला चार दिवस राहिलो. तिथल्या जुन्या जेझुइट शाळेत देकार्त शिकला. बाजारात टोमॅटोची रोपं पाहून मी हात लावला तर विकणारे आजोबा म्हणाले, अजून लावू नका. ११, १२ आणि १३ मे हे तीन 'बर्फाचे संत', ते गेल्यावरच रोप जमिनीत. आपल्याकडे मृग लागल्याशिवाय पेरणी नाही, तसंच.

१५ मे ला आंजेच्या उत्तरेला, ब्रिओले गावाजवळ, ल्वार सार्त नदीला मिळतो. तिचं पाणी पुढे मेनमधून शेवटी मोठ्या ल्वारला जातं. म्हणजे तो ल्वार अखेर त्या ल्वारला भेटतो, फक्त दोन नावं बदलून. काठावर गुडघाभर गवत, दोन गायी आणि आम्ही.

मंडळी, माझं सांगणं एवढंच. गुडघे, डोळे आणि हृदय ठीक आहेत तोवर एकदा असं जा, की जिथे कुणी वाट पाहत नाही आणि कुणाला काही दाखवायचं नाही. फ्रान्सच हवा असं नाही. वेल्समधली एखादी नदीही चालेल. कॅम्परव्हॅन भाड्यानेही मिळते. मात्र महिना मेचा धरा, शाळांच्या सुट्ट्यांच्या आधीचा, आणि यादी करायचीच असेल तर एका ओळीची करा.

पुढच्या अंकात गाडीतल्या दोन शेगड्यांवर होणाऱ्या सात जेवणांच्या कृती देते. सिलिंडरबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय : इथलं मोठं सिलिंडर तिथे बदलून मिळत नाही, तेव्हा निघताना भरलेलं न्या आणि पुरणपोळीचा बेत घरी आल्यावर करा.