गोंधळाला रात्र द्या

अणदूरच्या पंचक्रोशीत लग्न झालं की भवानीचा गोंधळ आणि खंडोबाचं जागरण घालायची रीत अजून मोडलेली नाही. आम्हा गोंधळ्यांना सुपारी येते, पूर्वीपेक्षा फार कमी, पण येते. सोबत अट असते : दीड तासात उरका.

पूर्वी जेवणं आटोपल्यावर चौक मांडायचा, पाच उसांचा मंडप उभा करायचा, दिवटी पाजळायची. गण, देवांना आवाहन, मग आख्यान. आरतीला उजाडायचं. आता आवाहन झालं की थेट आरती. मधलं आख्यानच गळालं, आणि माझं दुःख तेच आहे.

आमच्या घरात वेगळा रियाज कधी नव्हता. लग्नसराईत रात्र-रात्र उभं राहायचं, तोच सराव. वडील आख्यान लावायचे, मी झीलकरी म्हणून मागे तुणतुणं धरायचो. ऐकता ऐकता सगळं पाठ झालं. काम तुटलं तसा तो सरावही तुटला. आता पहाटे शेताच्या बांधावर संबळ घेऊन बसतो. थंडीत मनगट आखडतं, थोड्या वेळाने मोकळं होतं. हात टिकेल. आख्यान मात्र एकट्याने टिकत नाही. समोरची म्हातारी डोळ्याला पदर लावते, पोरं खिदळतात, त्यावर कथा कुठे लांबवायची आणि कुठे आवरायची ते कळतं. नातू मोबाइलवर टिपून घेतो. त्यात शब्द राहतात. कथा रंगवायची कशी, ते तो त्यातून शिकणार नाही.

सरकारने २०२४ मध्ये ज्येष्ठ कलावंतांचं मानधन महिना ५,००० रुपये केलं. म्हातारपणी त्याचा मोठा आधार आहे. पण आख्यानाला ऐकणारे लागतात, ते सरकार कुठून देणार?

लोकांना वेळ नाही, हे मला पटत नाही. त्याच लग्नाच्या वरातीत डीजे तासन्‌तास चालतो. शाहीर विठ्ठल उमपांचं ‘जांभूळ आख्यान’ ऐकायला शहरातली माणसं तिकीट काढून बसली. आमचा खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात राहतो. हा मुक्काम दोन्ही गावं पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली आहेत. देवासाठी एवढं जपणाऱ्यांना घरच्या कार्यातली एक रात्र जड नाही.

येत्या लग्नसराईत गोंधळ घालणार असाल तर सुपारी देतानाच सांगा, आख्यान पूर्ण हवं. आणि घरातल्या पोरांना घेऊन शेवटपर्यंत बसा.