त्यांना आपली हवा बाधते!

दिघाशीला आवणी उरकून तीन-चार आठवडे झाले की पाणी तुंबलेल्या खाचरात काठी खुपसून बघा. बुडुक बुडुक बुडबुडे येतात. त्यात बराचसा मिथेन असतो, आणि तो बनवणारे जीव चिखलात दडलेले. ते बॅक्टेरिया नव्हेत, आर्किया (व्हायवाला हमखास चुकतं!). ऑक्सिजन लागला की त्यांचं कामच बंद.

असलेच जीव आपल्या मेसच्या बायोगॅस टाकीतही असतात. मागच्या वर्षी टाकी आंबली तेव्हा रजिस्टरात काय होतं? रोजचा गॅस आणि पीएच. दोनच आकडे, तेही अख्ख्या टाकीचे मिळून. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्याचा गॅस वापरात आणला होता, म्हणजे गॅस गोळा करणं आपल्याला कधीचंच जमतंय. पण टाकीत सगळे जीव मेले, की निम्मे नुसते थांबले, हे कुणी बघितलं? थांबले असतील तर खरकटं टाकणं बंद करायचं, चुना घालायचा, वाट बघायची. मेले असतील तर ताजा शेणकाला आणायचा. आपण दोन्ही केलं नाही, सरळ टाकी धुऊन टाकली!

म्हणून माझं म्हणणं, एकेक जीव जिवंतपणी बघायला शिकूया. १८६१ साली पाश्चरने काचेखालच्या थेंबात हेच पाहिलं. कडेचे जंतू हवा लागून गपगार, मधले मात्र मजेत वळवळतायत. सरासरी काढली असती तर दिसलं असतं का?

अडचण आहे, मान्य. जेलीफिशचं ते हिरवं प्रोटीन, ज्याने जगभर जिवंत पेशी बघतात, त्याला चमक यायलाच ऑक्सिजन लागतो. इथे ते बाद. पण मिथेनवाल्यांकडे स्वतःचा दिवा आहे! एफ-४२० नावाचं को-एन्झाइम, जांभळ्या उजेडात निळसर-हिरवं चमकतं. अर्थात चमकला म्हणजे जिवंतच, असं नाही. तोच एक जीव तासन्तास बघायचा, वाढतो का, एकाचे दोन होतात का. द्रावात रेझाझुरिन असलं की हवा शिरल्यावर गुलाबी रंग येतो, चोरी पकडली जाते.

बायोटेकवाल्यांचा फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोप चारनंतर झाकलेलाच असतो. चपट्या काचेच्या नळ्या, मेण आणि रेझाझुरिनचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू. सरांनी फक्त लॅबची किल्ली द्यावी.