मेले कोण, उठले कोण?

गेल्या पितृपंधरवड्यातली गोष्ट. आमच्या आळीतले अण्णा हातात मोबाईल घेऊन ओसरीवर आले. "गुरुजी, जरा वाचून दाखवा. पोरानं मुंबईहून धाडलंय. अक्षरं मराठी हायेत, पर भाषा काय उमगंना." आम्ही चष्मा चढवला. ती एक जाहिरात होती. पुनरुज्जीवित लोअर परळच्या हृदयात, सेनापती बापट मार्गापासून चालत पाच मिनिटांवर, संपूर्ण नूतनीकृत असा दोन शयनगृहांचा फ्लॅट विकणे आहे. खिडकीतून ऐतिहासिक चिमणीचे दर्शन. किमतीबद्दल प्रत्यक्ष भेटावे.

अण्णांचा पोरगा तिकडेच एका काचेच्या इमारतीत नोकरीला आहे. त्याला हा फ्लॅट घ्यायचा आहे. कर्ज बँक देते, पण सुरुवातीची रक्कम हवी. म्हणून घोडच्या पाटाखालची दोन एकर विकावी, असा त्याचा विचार. आणि अण्णा? अण्णा १९७४ साली श्रीगोंद्याहून पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईस गेले. त्याच लोअर परळात एका गिरणीच्या साचेखात्यात आधी बदलीवर, मग कायम लागले, आणि संपानंतर तीच ट्रंक घेऊन परत आले. ज्या चिमणीचे 'दर्शन' जाहिरातीत विकायला काढले आहे, तिच्या धुराखाली त्यांनी आठ वर्षे काढली.

वाचकहो, सणासुदीला फराळाच्या ताटात कारले वाढणे आम्हांला शोभत नाही. पण त्या 'पुनरुज्जीवित' शब्दाने आमची दिवाळी आधीच कडू केली आहे, त्याला आमचा इलाज नाही.

आधी त्या फ्लॅटाचे पाहू. आमचा एक भाचा या धंद्यात आहे. तो सांगतो की मामा, 'नूतनीकृत' म्हटले की आधी वर पाहावे. छताखाली दुसरे खोटे छत बसवलेले असते. त्याने दिवे शोभतात आणि स्लॅबची ओलही झाकली जाते. मग दुसरे शयनगृह पाहावे. पुष्कळदा ती जुनी गॅलरी असते. काच लावून, पलंग टाकून तिला बढती दिलेली असते. नव्या इमारतीत बिल्डरला चटईक्षेत्र लिहून द्यावे लागते. २०१६ चा स्थावर संपदा कायदा त्यासाठीच झाला. पण एका घरमालकाने दुसऱ्याला जुना फ्लॅट विकताना गॅलरीला खोली म्हटले, तर घेणाऱ्याने स्वतःच टेप लावून मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

आमचे म्हणणे असे की, त्या फ्लॅटाला जे केले तेच त्या वस्तीला केले आहे. वर खोटे छत, खाली ओल.

पुन्हा जिवंत व्हायचे तर आधी मरावे लागते. मग परळ मेले कधी? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यानंतरही तिथे माणसे राहत होती, भजने होत होती, गणपती बसत होते. माणसे थकली होती, कर्जात होती, पण जिवंत होती. मग १९९१ साली नियम झाला की गिरणीची जमीन विकासाला काढायची तर तिचे ढोबळ तीन वाटे करावेत: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. नियम वाईट नव्हता. पण २००१ साली त्यात दुरुस्ती आली, आणि वाटणी साऱ्या जमिनीची न राहता फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची उरली. गिरणी म्हणजेच छपरे! तीत मोकळे असणार ते काय? चार भावांनी शेत वाटायला बसावे आणि थोरल्याने ऐनवेळी म्हणावे की वाटणी फक्त बांधाची, तसला हा न्याय. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली, तेव्हा कायद्याने आम्हांला बोलायला तोंड नाही. पण कायद्यात बसले म्हणून ते पोटात पचते असे थोडेच आहे?

त्या गेलेल्या मोकळ्या जागेची किंमत पुढे कळली. २०१७ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या उठल्या, हजारो माणसे रोज उतरू लागली, पण जिने तेवढेच राहिले. त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागून चौदा जीव गेले. एका वर्षात, एका परळात!

वस्तीचे नावही धंदेवाल्यांना सोसवेना. 'लोअर' शब्दाने भाव पडतो म्हणून त्यांनी तिला 'अप्पर वरळी' म्हणायला सुरुवात केली. नाव बदलण्याचे आम्हांला वावडे नाही. आमच्या श्रीगोंद्याचेही जुने नाव चांभारगोंदे. पण नाव बदलले म्हणून आमच्या आळीतल्या कोणाला गाव सोडावे लागल्याचे ऐकिवात नाही.

आणि जाहिरातीतला तो रस्ता! सेनापती बापट आमच्या शेजारच्या पारनेरचे. मुंबईला वीज हवी म्हणून मुळशीला धरण बांधायचे ठरले आणि मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली या माणसाने सत्याग्रह उभारला, तुरुंगवास भोगला. घरादारावरून उठवल्या जाणाऱ्यांसाठी जो भांडला, त्याचे नाव या रस्त्याला दिले, आणि त्याच रस्त्याच्या कडेची माणसे उठवून तिथे मॉल बांधले. जाहिरातवाल्याला त्या नावाचा उपयोग एवढाच, की तिथून चालत पाच मिनिटे.

कोणी म्हणेल, गुरुजी, मग काय गिरण्या चालू ठेवायच्या होत्या? नव्हत्या. कापसाच्या धुळीने फुप्फुसे गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्यांच्या गोष्टी अण्णांकडूनच ऐकल्या आहेत. त्या दिवसांना गोड म्हणणारा एकतर कवी असावा, नाहीतर मालक. आमची तक्रार घर नवे झाले याची नाही. आतली माणसे बदलली, याची आहे.

आणि हे टाळता येत नव्हते, असे मात्र कोणी आम्हांला सांगू नये. त्याच मुंबईत, वरळीला, बीडीडीच्या चाळी होत्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या, एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या. म्हाडाने त्या पाडून मनोरे उठवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या दिल्या. दोन शयनगृहांचीच घरे! विकत नव्हे, त्याच जागी, त्याच माणसांना. पुढे देखभालीचा खर्च त्यांना किती जड जातो ते दिसेलच. पण किल्ली त्यांच्या हातात पडली, हे कबूल केले पाहिजे. उलट गिरणी कामगारांसाठी २०१२ साली सोडत निघाली, तेव्हा घरे सात हजारांच्या आत, सव्वादोनशे चौरस फुटांची, आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. बाकीच्यांना पुढे घरे देऊ केली ती शेलू-वांगणीला, कर्जतच्या वाटेवर. (आमच्या शेजारचे कर्जत नव्हे, रायगडातले, ते तरी नशीब!) साचा चालवला परळात, म्हातारपणी राहायचे वांगणीला, आणि परळ म्हणे पुनरुज्जीवित झाले.

हे सारे आम्ही अण्णांना तावातावाने ऐकवले. ते तंबाखू मळत ऐकत राहिले. पोराला नाही म्हणा, असे काही आम्ही त्यांना सांगितले नाही. लोकलला लोंबकळून तो रोज कामावर जातो. कामाजवळ घर असावे असे त्याला वाटले तर त्यात चूक काय? पोरगा पाडव्याला यायचा आहे. अण्णांनी सात-बारा काढून आणला आहे, पण तो ट्रंकेत आहे, आणि ट्रंकेला कुलूप आहे.

उठता उठता ते म्हणाले, "गुरुजी, तुमी त्याला दोनच गोष्टी इचारा. ती दुसरी खोली खोलीच हाय का गॅलरी? आन् ती चिमणी फुकट दावत्यात, का तिचंबी पैसं धरल्यात?"